कोरियनमधलं '-आया/-ऑया': '-म्यॉन' आणि '-र्यॉम्यॉन' असताना हे कशाला?

चाकण_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मालक कोरियन, वरचे साहेब कोरियन, बाकी सगळे आपणच. टोपिक (कोरियन भाषेची परीक्षा) एक झालंय, आता टोपिक दोनच्या मागे लागलोय आणि अटींच्या प्रत्ययांपाशी गाडी अडलीये. (कोरियन इथे देवनागरीतच लिहितोय. उच्चार जवळपासचे धरा, 'ऑ' म्हणजे आपल्या 'ऑफिस'मधला.)

पुस्तकात एकेका ओळीत उरकलंय: '-म्यॉन' म्हणजे जर-तर, '-र्यॉम्यॉन' म्हणजे करायचं असेल तर, '-आया/-ऑया' म्हणजे तरच. वाचताना कळतं. पण परवा काकाओटॉक ह्या चॅट ॲपच्या ग्रुपवर आमच्या बुजांगनिमनी (म्हणजे डिपार्टमेंटच्या साहेबांनी) सकाळी टाकलं:

"ओनुल छुल्हाहार्यॉम्यॉन दु शिक्काजी गॉम्सागा क्कुन्नाया द्वेयो."

म्हणजे आज माल पाठवायचा असेल तर दोनपर्यंत तपासणी संपायला हवी. ठीक. दुपारी डिस्पॅचवाल्याने विचारलं, ट्रक लावू का? त्यावर साहेबांचं उत्तर:

"गॉम्सागा क्कुन्नाया छुल्हाहाज्यो."

शब्द तेच, तपासणी तीच, डिस्पॅच तोच. फक्त पुढचं मागे झालं. आणि आमची दुभाषी मॅडम म्हणाली, "साहेब वैतागलेत, आत्ता काही विचारू नका." वैताग कुठे लिहिलाय ह्यात?

संध्याकाळी एका सप्लायरला साहेबांनी लिहिलं, "मिरि माल्स्सुम्हे जुश्यॉस्सॉयाज्यो." एवढा आदरार्थी प्रत्यय लावून लिहिलंय आणि तरी समोरचा माणूस फोनवर माफी मागत होता.

आणि एक. सरावाच्या पुस्तकात "दोनि इस्सॉया सासेयो" हे वाक्य चूक म्हणून दिलंय. 'पैसे असतील तरच घ्या', ह्यात काय चूक? कारण छापलेलं नाही. कुणी नीट समजावेल का?

सिरियलवाली_रसिका

सोप्पंय! आमच्या ऑनलाइन क्लासमध्ये असं शिकवलंय: '-आया' नंतर आज्ञा नाही, 'चला करू या' नाही आणि भूतकाळ नाही. तीन नाही पाठ करायचे, झालं. धातूत शेवटचा स्वर 'आ' किंवा 'ओ' असेल तर '-आया', नाहीतर '-ऑया', 'हादा' असेल तर 'हेया'. आम्ही ह्याला 'आयाबाई' म्हणतो 😄 कारण नियम सांगत बसते.

सोलापुरी_दुभाषी

रसिका, तुझ्या तीन नाहींपैकी दोन बरोबर, तिसरं अर्धं. त्याच्याकडे येते. आधी चाकणवाल्या दादांचं.

मी कारखान्यांतूनच दुभाष्याचं काम करते, त्यामुळे तुमच्या बुजांगनिमचे मेसेज मला अगदी ओळखीचे वाटले. सगळी गंमत वाक्य कशापासून सुरू होतं त्यात आहे. '-र्यॉम्यॉन' आधी मुक्काम सांगतं: आज माल जायचाय. मग त्यासाठी काय लागेल ते. म्हणून त्याच्या शेपटाला बहुतेक वेळा '-आया द्वेयो' किंवा सरळ '-सेयो' अशी सूचना येते. सकाळचा मेसेज म्हणजे कामाची आखणी.

'-आया' उलटं. ते आधी अट ठेवतं आणि सांगतं की ही पुरी झाल्याशिवाय पुढचं काही नाही. तपासणी संपली तर ना ट्रक! हा जो आपला 'तर ना' आहे, तोच त्या शेवटच्या '-ज्यो'मध्ये बसलाय. '-जी/-ज्यो' म्हणजे 'हे तुलाही ठाऊक आहे'. ठाऊक असलेली अट पुन्हा सांगायची वेळ आली, एवढाच वैताग. साहेब ओरडले नाहीत, पण "गॉम्सागा क्कुन्नाया छुल्हाहाज्यो" मराठीत आणायचं तर मी "तपासणी संपेल तेव्हा ना पाठवणार!" असंच आणीन. तुमच्या मॅडमनी बरोबर ओळखलं.

ह्याच कुटुंबातलं एक रोजचं वाक्य: "शिगानि इस्सॉया मारिजी." शब्दशः जाऊ नका. कुणी म्हणालं व्यायाम का करत नाहीस, की आपण म्हणतो "वेळ असेल तर ना!" तेच हे. पैशाचंही असंच, "दोनि इस्सॉयाजी." वाक्य पुढे नेतच नाहीत, अट टाकून गप्प बसतात. आपणही तसंच करतो.

आता सप्लायरचं. '-आया' मध्ये भूतकाळाचा '-आस्स/-ऑस्स' घातला की 'व्हायला हवं होतं, झालं नाही' असं होतं. "मिरि माल्स्सुम्हे जुश्यॉस्सॉयाज्यो" म्हणजे "आपण आधी सांगायला हवं होतंत ना." आदर 'माल्स्सुम' आणि 'शी' ह्यांत पुरेपूर आहे. पण झालेल्या गोष्टीला 'हवं होतं' लावून वर '-ज्यो' ठेवला की आदर कितीही असो, बोट समोरच्याकडेच राहतं. हेच स्वतःबद्दल बोलायचं असेल तर शेवट बदलतो: "मिरि माल्हेस्सॉया हेन्नुन्दे..." म्हणजे "आधीच सांगायला हवं होतं..." आणि वाक्य लोंबकळत सोडायचं. दोन्हीकडे 'हवं होतं' तेच, पण एक ओरडा आणि दुसरा पश्चात्ताप. दुभाष्याने ही दोन शेपटं एकसारखी आणली तर बैठकीचा नूरच बदलतो.

"दोनि इस्सॉया सासेयो" चं कारण मात्र मराठी माणसाला मुद्दाम सांगायला हवं, कारण आपल्या 'तरच'ला आज्ञा चालते. "पैसे असतील तरच घे", "ऊन असेल तरच कपडे वाळत घाल", काहीच खटकत नाही. म्हणून 'तरच = आया' हे समीकरण इथे फसतं. कोरियनमध्ये '-आया' नंतरचा भाग म्हणजे अट पुरी झाल्यावर काय घडेल किंवा काय शक्य होईल त्याची माहिती. ते विधान आहे, हुकूम नाही. हुकूम द्यायचा असेल तर दोन वाटा:

"दोनि इस्सॉया साल सु इस्सॉयो" (पैसे असतील तरच घेता येईल, विधान केलं, प्रश्न मिटला)

"दोनि इस्सुल त्तेमान सासेयो" (पैसे असतील तेव्हाच घ्या; '-मान' म्हणजे आपला 'च', इथे आज्ञा बिनधास्त)

शॉप फ्लोअरच्या दारावरची पाटी बघा. "आन्जॉन्मोरुल स्सॉया दुरॉगाल सु इस्सुम्निदा" म्हणजे हेल्मेट घातलं तरच आत जाता येतं. हीच सूचना म्हणून द्यायची तर "दुरॉगार्यॉम्यॉन आन्जॉन्मोरुल स्सुसेयो", आत जायचं असेल तर हेल्मेट घाला. पाटी रंगवणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आणि '-स्सॉया ... दुरॉगासेयो' लिहिलं, की कोरियन माणूस दारात थांबून ती पुन्हा वाचतो.

सोलापुरी_दुभाषी

आता रसिकाचं तिसरं 'नाही'. भूतकाळ अजिबात चालत नाही असं नाही. "गुत्तेनुन प्यॉन्जिरुल स्सॉया सोशिगुल आल सु इस्सॉस्सॉयो", त्या काळी पत्र लिहिलं तरच खबर कळायची. बिनचूक वाक्य आहे, कारण तेव्हाची नेहमीची रीत सांगितलीये.

अडतं ते एकदा घडून गेलेल्या गोष्टीला. काल बारा वाजून गेल्यावरच घरी आलो, ह्याला '-ऑया' लावून चालत नाही, तिथे '-ऑसॉया' येतं: "यॉल्तु शिगा नॉमॉसॉया जिबे वास्सॉयो." आपणही इथे 'बारा वाजले तरच घरी आलो' म्हणत नाही, 'वाजल्यावरच' म्हणतो. जिथे मराठीत 'तरच' येतं तिथे '-आया' शोधा, जिथे 'ल्यावरच' येतं तिथे '-आसॉया' किंवा '-गो नासॉया'. आज्ञेचा तो एक अपवाद सोडला तर मला तरी ही खूण बरीच पुरते.

देजॉनमधून

पोस्टडॉकला कोरियात देजॉन शहरात आहे. व्याकरणाचं मॅडमनी सांगितलं, मी रस्त्यावरचं सांगतो.

इथे आल्या आल्या सगळ्यात आधी कानावर आदळतं ते हेच '-आया'. परदेशी माणसाला ९० दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते, मग कार्ड मिळतं. ते हातात नसताना बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई गोड हसून म्हणाल्या, "थोंजांगुल मान्दुल्ल्यॉम्यॉन वेगुगिन्दुन्ग्नोक्चुन्गि इस्सॉया द्वेयो." पासबुक काढायचं असेल तर परदेशी-नोंदणी कार्ड असावं लागेल. शब्दाची लांबी बघूनच मी परत फिरलो. मग मोबाइलच्या दुकानात तेच, जिमला तेच. इथे सुरुवातीचे आठवडे म्हणजे '-र्यॉम्यॉन ... इस्सॉया द्वेयो' ह्या एकाच साच्यात बसवलेले.

पण मला सांगायचंय ते '-म्यॉन द्वेयो' बद्दल. पुस्तकं ही दोन्ही वेगवेगळ्या धड्यांत देतात, आणि ऐकायला दोन्ही 'द्वेयो'च.

"शिप्पाल्बॉन बॉसुरुल थाया द्वेयो": १८ नंबरचीच बस घ्यावी लागेल. दुसरी घेतलीत तर पोचणार नाही.

"शिप्पाल्बॉन बॉसुरुल थाम्यॉन द्वेयो": १८ नंबरची घेतलीत की झालं. आणखीही बस असतील, पण ही पुरे.

पहिल्यात ते नसेल तर काम होत नाही, दुसऱ्यात ते असेल तर काम होतं. रस्ता विचारला की कोरियन लोक बहुतेक '-म्यॉन द्वेयो' च म्हणतात, कारण ते तुम्हाला सोपी वाट सांगत असतात, बांधून घालत नसतात. मेट्रोला इथे तसाही प्रश्न नाही, देजॉनमध्ये एकच लाइन चालते. सोलला मात्र मुद्दाम कान देऊन ऐका.

आणि नकाराचंही बघून ठेवा. "आन गादो द्वेयो" म्हणजे जायची गरज नाही. "गाम्यॉन आन द्वेयो" म्हणजे जायचंच नाही. मराठीत "तिकडे जायला नको" म्हटलं तर दोन्ही अर्थ निघू शकतात, आवाजावरून ठरवतो आपण. लॅबमध्ये आवाजाच्या भरवशावर राहू नये. एक बटण न दाबलं तरी चालतं आणि दुसरं दाबायचंच नाही, ह्यात फार फरक असतो!

निवृत्त_मास्तर

पोरांनो, मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. मुलगा-सून सुवॉनला असतात, नातवाशी बोलता यावं म्हणून ह्या वयात कोरियनची वही घातलीये. व्हिडिओ कॉलवर नातू माझे स्वर सुधारतो आणि त्यात त्याला फार मौज वाटते.

'-आया' मला धड्यांतून नव्हे, म्हणींतून पक्कं झालं. कोरियन म्हणींना ह्या प्रत्ययाचं वेड आहे म्हणा ना. माझ्या वहीतल्या लिहितो:

"सोनप्प्यॉक्तो माजुच्यॉया सोरिगा नान्दा." तळवे एकमेकांवर आपटले तरच आवाज निघतो. म्हणजे आपली एका हाताने न वाजणारी टाळी. आपण नकारातून सांगतो, ते अटीतून सांगतात.

"गानुन मारि गोवाया ओनुन मारि गोप्ता." जाणारे शब्द गोड असतील तरच येणारे गोड. इथे 'गोप्ता' चं 'गोवाया' कसं झालं ते बघा. शेवटी 'प' असलेले असे बरेच धातू '-वॉया' घेतात, 'छुप्ता' चं 'छुवॉया' होतं. 'गोप्ता' आणि मदत करणे ह्या अर्थाचा 'दोप्ता' ही दोनच '-वाया' वर जातात. म्हण पाठ केली की अपवाद आपोआप पाठ होतो.

"विन्मुरि माल्गाया आरेन्मुरि माक्ता." वरचं पाणी नितळ असेल तरच खालचं नितळ. ही साहेब लोकांसाठी.

आणि सगळ्यात आवडती: "गुसुरी सॉ मारिरादो क्वेऑया बोबे." मणी तीन 'माल' असले तरी ओवले तरच ते धन. 'माल' हे त्यांचं जुनं धान्य मोजायचं माप, साधारण १८ लिटरचं. म्हणजे तीन माल मणी हा चेष्टेचा ऐवज नाही, पोतंभर झाले! तरीही न ओवलेले ते नुसते मणी. एकाच वाक्यात '-इरादो' म्हणजे 'असले तरी' आणि '-ऑया' म्हणजे 'तरच' समोरासमोर उभे आहेत. जोडी शिकवायला ह्याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही.

एक शंका दुभाषीबाईंना. आपण 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असं 'शिवाय ... नाही' लावून सांगतो. कोरियनमध्ये ती रचना आहे का, की सगळीकडे '-आया' च?

सोलापुरी_दुभाषी

काका, वही भारी आहे. 'शिवाय ... नाही' ला "-जी आन्खोसॉनुन" आहे, आणि मागे '-ल सु ऑप्ता' म्हणजे 'शक्य नाही'. "यॉन्सुफाजी आन्खोसॉनुन नुल सु ऑप्सॉयो", सराव केल्याशिवाय प्रगती होणं शक्य नाही. लेखात, भाषणात शोभतं. स्वयंपाकघरात कुणी असं बोलत नाही, तिथे '-आया' च.

आणि एक सापळा सगळ्यांसाठी. 'करून बघणे' ह्या अर्थाच्या '-आ बोदा' ला '-आया' लागून '-आ ब्वाया' झालं की अर्थ चक्क उलटतो. "जिगुम गा ब्वाया मुन दादास्सुल गॉया." आत्ता गेलं तरच दुकान बंद असेल? छे. आत्ता जाऊन तरी काय, बंद झालं असेल! '-ब्वाया' ऐकलं की पुढे निराशा येणार असं समजा. "उरॉ ब्वाया सोयोन्गॉप्सॉ", रडून काही उपयोग नाही.

चाकणवाल्या दादांना कामाचं आणखी एक: "प्पाल्लाया". 'प्पारुदा' म्हणजे लवकर असणे, त्याचं '-आया' रूप, पण वापरतात 'लवकरात लवकर म्हटलं तरी' ह्या अर्थाने. "बुफुमि प्पाल्लाया गुम्योइरे वायो", पार्ट लवकरात लवकर म्हटले तरी शुक्रवारी येतील. ह्याच्या उलट 'उशिरात उशिरा' ला मात्र '-ऑया' नाही, तिथे "नुजॉदो". ह्याचं तर्कशास्त्र मला विचारू नका, कामावर दोन्ही रोज लागतात एवढं खरं.

चाकण_रात्रपाळी

मॅडम, काका, देजॉनवाले भाऊ, मनापासून आभार. 'तर ना' वाचल्यावर साहेबांचा मेसेज पुन्हा उघडून वाचला आणि आता तो साहेबांच्या आवाजात ऐकू येतोय.

दोन गोष्टी राहिल्या. एक, 'करावं लागतं' ह्याला 'हेया द्वेयो' आणि 'हेया हेयो' दोन्ही म्हणतात, त्यांत नक्की फरक काय? काही व्हिडिओत म्हणतात एक स्वतःवरची जबाबदारी, दुसरं बाहेरून आलेली. दोन, टोपिकच्या लेखनात ५२ व्या प्रश्नाला हे प्रत्यय हमखास येतात असं ऐकलंय.

सिरियलवाली_रसिका

पहिल्याचं मी सांगते, सिरियलच्या अनुभवावरून 😄 बोलताना सगळे 'हेया द्वे' च म्हणतात. 'हेया हान्दा' ऐकू येतं ते राजदरबारात नाहीतर बातम्यांत.

सोलापुरी_दुभाषी

रसिका, ह्या वेळी पैकीच्या पैकी. दादा, त्या जबाबदारीच्या बारकाव्यात शिरू नका, रोजच्या वापरात दोन्ही एकच. बोलताना 'द्वेदा' जास्त, लिहिताना 'हादा'.

५२ चं असं. ५१ मध्ये सूचना, मेसेज, पत्र असला व्यवहारातला मजकूर असतो, ५२ मध्ये समजावून सांगणारा छोटा परिच्छेद. प्रत्येकी दोन रिकाम्या जागा, प्रत्येकी १० गुण. ५२ मध्ये रिकाम्या जागेच्या आधी '-र्यॉम्यॉन' किंवा '-गि विहेसॉनुन' (करण्यासाठी) दिसलं की शेवट '-आया हान्दा' ने करायचा. '-आया हेयो' नाही, '-आया हाम्निदा' नाही. सगळा परिच्छेद '-न्दा' मध्ये असतो आणि तुम्ही मध्येच बोलीत उतरलात की गुण जातात. ५१ मध्ये उलट, तिथे मजकूर नम्र असतो, तसाच शेवट ठेवा. आणि परिच्छेदात 'गरज नाही' असा सूर असेल तर '-जी आनादो द्वेन्दा' लागेल, हे वाचून ठरवा. डोळे मिटून '-आया हान्दा' ठोकू नका.

चाकण_रात्रपाळी

लिहून घेतलं. आज रात्रपाळीला साहेबांना एक मेसेज टाकायचाय, सप्लायरकडून पार्ट शुक्रवारच्या आत येत नाहीयेत. असा लिहिलाय, बघा जरा:

"बुजांगनिम, बुफुमि प्पाल्लाया गुम्योइरे वायो. बुफुमि वाया जोरिबुल शिजाखाल सु इस्सॉयो."

(पार्ट लवकरात लवकर शुक्रवारी. पार्ट आले तरच असेंब्ली सुरू करता येईल.)

सोलापुरी_दुभाषी

व्याकरण चोख. साहेबांना लिहिताय म्हणून 'वायो' चं 'ओम्निदा' आणि 'इस्सॉयो' चं 'इस्सुम्निदा' करा. आणि दुसऱ्या वाक्याच्या शेवटी चुकूनही '-ज्यो' लावू नका, तो हक्क सध्या त्यांचा आहे.